वीज उपकेंद्रातील उमेदवारी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. पुस्तकात वाचलेली वस्तू एकदा तरी हाताने उचलून पाहावी, असे ते म्हणत. त्या आग्रहाला धरूनच मी आजचा विषय घेतला आहे. विद्यार्थ्याने शिकत असतानाच एखाद्या सार्वजनिक सेवासंस्थेत, म्हणजे वीज, पाणी, रेल्वे किंवा बससेवा चालविणाऱ्या संस्थेत, काही काळ प्रत्यक्ष काम करणे म्हणजे काय, त्यातून काय मिळते आणि ते कोठे फसते, याचे विवेचन मला करावयाचे आहे. माझे आयुष्य वीजवितरणाच्या कामात, तेही ग्वाल्हेरबाहेर, गेले. म्हणून उदाहरणे विजेचीच असतील.

विषयाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे : उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. परंतु कचेरीत पुढेमागे नेमणूक होईल या आशेने जो विनावेतन काम करी, कागद लिही, दप्तरे बांधी, त्याला आपले पूर्वज उमेदवार म्हणत. शब्दातच उमेद, म्हणजे आशा आहे. महाराष्ट्रात सरकारी कागदांत ‘शिकाऊ उमेदवार’ असा जोडशब्द रूढ झाला. यांतील ‘शिकाऊ’ आणि ‘उमेदवार’ हे दोन शब्द एकमेकांशी नेहमीच सुखाने नांदतात असे नाही. शिकण्यासाठी आलेला मनुष्य आणि नोकरीच्या आशेने राबणारा मनुष्य एकाच देहात असतो, आणि त्याला कामावर घेणारी संस्था या दोहोंपैकी कोणाकडे पाहते, यावर सारे अवलंबून असते. आजच्या विवेचनाचा कणा हाच आहे.

हजिऱ्यात हा विषय मांडण्याला आणखी एक कारण आहे. आपली वस्ती तानसेनाच्या समाधीमुळे आणि शेख मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्यामुळे जगाला ठाऊक असली, तरी आपल्या पिढीच्या लेखी ती गिरणीची वस्ती होती. बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल म्हणजे इथल्या मुलांची दुसरी शाळाच होती. बापाबरोबर किंवा काकाबरोबर मुलगा आत जाई आणि चार-दोन वर्षांत जॉबर, फिटर, वायरमन होऊन बाहेर पडे. १९९० नंतरच्या वर्षांत ही मिल बंद झाली. मजुरी गेली हे सर्वांनी पाहिले. काम शिकण्याची जागा गेली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. गिरणी बंद पडू शकते, कारखाना दुसऱ्या राज्यात हलू शकतो. वस्तीला वीज आणि पाणी देणाऱ्या यंत्रणेला तसे उठून जाता येत नाही. म्हणून आज या शाळेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर मुलाला पाहता येणारे मोठे यंत्र कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर वीज उपकेंद्र हेच येईल. आपण रोज त्याच्या कुंपणावरून जातो आणि आत घरघर चालते एवढेच जाणतो.

काम आणि शिक्षण यांची सांगड ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. ग्वाल्हेरला तर ते सांगावयासच नको. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेतून इकडे आले ते वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून गायकी शिकण्यासाठी, आणि पुढे तीच गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. गुरूच्या सहवासात, पडेल ते काम करीत विद्या घेण्याची ही रीत होती. तिचे गुण आपण नेहमी गातो. तिचा दोषही सांगितला पाहिजे : गुरूने काय शिकवावे आणि कधी शिकवावे यावर शिष्याचा काडीचा अधिकार नव्हता.

आधुनिक काळात या रीतीला नियमांची चौकट देण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली झाला. हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने २७ विद्यार्थी घेतले आणि त्यांच्या जोड्या केल्या. जोडीतला एक आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्याला जागा रिकामी राहिली नाही, विद्यार्थ्याला वेतन मिळाले आणि वर्गातील सिद्धान्त सोमवारी ऐकावा तो पुढच्या सोमवारी हाताखाली यावा, अशी सोय झाली. याला सहकारी शिक्षण असे नाव पडले. आपल्याकडे ‘सहकारी’ म्हटले की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. येथे अर्थ एवढाच की शाळा आणि कारखाना दोघे मिळून शिकवितात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली निघाले ते याच पद्धतीवर.

आपल्या देशात विचार उणा नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली. १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असे म्हटले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे लांबलचक नाव दिले. नाव लांबत गेले आणि काम आखूड होत गेले, असे मला खेदाने म्हणावे लागते. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले आणि पुठ्ठ्याच्या फ्रेमा झाल्या, त्या शाळेच्या कपाटात धूळ खात राहिल्या. आयोगाच्या मनात शेत आणि कारखाना होता. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास आला.

दुसरी वाट कायद्याची. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मुख्यतः आयटीआयच्या मुलांसाठी झाला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्यात आले. आज ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात तिला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधर उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकाला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. उमेदवाराशी लेखी करार करावा लागतो व तो नोंदवावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. तरी कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावरच असते. मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असे वचन कायदा देत नाही. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एवढे मात्र म्हटले की, बाकी सर्व बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला इतरांपेक्षा प्राधान्य द्यावे. हा निर्णय एका सार्वजनिक सेवासंस्थेच्या संदर्भातला आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

सिनसिनाटीची पद्धत आणि आपली पद्धत यांतील मुख्य भेद आता दिसेल. तेथे विद्यार्थी कामावर असतानाही विद्यालयाचाच असतो. आपल्याकडे तो बहुधा शिक्षण संपल्यावर उमेदवारी करतो. शाळेने त्याला दाखला देऊन मोकळे केलेले असते आणि संस्थेने त्याला अजून आपला मानलेले नसते. एक वर्ष तो कोणाचाच नसतो.

आता उपकेंद्राच्या आत जाऊ. आपल्या वस्तीला वीज पुरविणारे उपकेंद्र साधारणपणे ३३ केव्हीवर वीज घेते आणि ११ केव्हीवर उतरवून निरनिराळ्या फीडरांवर सोडते. गल्लीतल्या खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर, लोक ज्याला नुसते डी.पी. म्हणतात, तो ११ केव्हीची वीज आणखी उतरवून ४०० व्होल्टवर आणतो. त्या तीन फेजांपैकी एक फेज आणि न्यूट्रल मिळून आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. एवढे पुस्तकात असते. उमेदवार आत गेल्यावर त्याला पहिल्या दिवशी बहुधा लॉगशीट भरायला देतात : दर तासाला प्रत्येक फीडरचा अँपिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे व गुंडाळीचे तापमान. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते. माझे मत असे की यापेक्षा चांगला पहिला धडा नाही. आठवडाभर आकडे लिहिल्यावर वस्तीचे जगणे आकड्यांतून दिसू लागते. पहाटे पाण्याच्या मोटारी सुरू होतात तो चढ, दुपारी कूलर आणि एसी यांचा, रात्री आठ-नऊचा सर्वांत मोठा. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा रात्रीसुद्धा भार उतरत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. तेल गरम राहते, तारेवरचे कागदी वेष्टन हळूहळू करपत जाते, आणि एखाद्या रात्री तो जातो. लोक म्हणतात, अचानक जळला. लॉगशीट लिहिणाऱ्याला ठाऊक असते की तो महिनाभर जळत होता.

दुसरा धडा टाँग टेस्टरचा. चिमट्यासारखे हे उपकरण तारेभोवती धरले की तारेतून किती विद्युतप्रवाह जातो ते कळते. तार तोडावी लागत नाही. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर खालच्या बाजूला प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर देऊ शकतो. समजा, जून महिन्यात रात्री नऊ वाजता उमेदवाराने मोजले आणि तीन फेजांवर १५०, ८० आणि ६० असे आकडे आले. सरासरी काढली तर ९७ सुद्धा होत नाही. कागदावर ट्रान्सफॉर्मर सुखात आहे. प्रत्यक्षात पहिल्या फेजवर तो मर्यादेबाहेर गेला आहे आणि त्या फेजचा फ्यूज रोज उडतो आहे. शिवाय न्यूट्रलमधून सुमारे ८२ अँपिअर परत जात आहेत, जे भार समान वाटला असता तर जवळजवळ शून्य झाले असते. उपाय काय? नवा ट्रान्सफॉर्मर मागविणे हा महागडा उपाय. एका शिडीने आणि अर्ध्या दिवसाच्या कामाने पहिल्या फेजवरील काही घरे तिसऱ्या फेजवर टाकणे हा खरा उपाय. अकरावीच्या मुलाला समजेल इतके हे गणित आहे. पण कोणत्या खांबावरून कोणते घर कोणत्या फेजवर आहे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते जुन्या लाइनमनच्या डोक्यात असते, आणि त्याच्यामागे शिडी धरून हिंडणाऱ्यालाच ते मिळते.

न्यूट्रलचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. ‘आमच्याकडे एकदम व्होल्टेज वाढले आणि टीव्ही, फ्रिज सगळे गेले’ अशी तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. बहुतेक वेळा वीज ‘वाढलेली’ नसते. खांबावर न्यूट्रलची तार तुटलेली किंवा सैल झालेली असते. मग दोन निरनिराळ्या फेजांवरची घरे एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यामध्ये ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्या घरात भार जास्त, तिथे दिवे मंद होतात. ज्या घरात एकच दिवा आणि टीव्ही चालू, त्याच्या वाट्याला तीनशेच्या वर व्होल्ट येतात. म्हणजे ज्याने वीज कमी वापरली त्याचेच नुकसान. वर्गात न्यूट्रल म्हणजे आकृतीतील एक काळी रेघ असते. ती रेघ तुटली की गल्लीत काय होते हे एकदा पाहिलेला विद्यार्थी जोडाचा नट घट्ट बसला की नाही हे दोनदा पाहतो.

तिसरा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. तो कागदाचा आहे. त्याला सर्वत्र परमिट म्हणतात. ११ केव्हीच्या तारेवर काम करावयाचे असेल तर आधी उपकेंद्रातील ब्रेकर उघडतात. मग आयसोलेटर उघडतात, म्हणजे तार तुटलेली डोळ्यांना दिसते. मग त्या जागी कुलूप आणि ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी. मग तारेला जमिनीशी जोडतात. एवढे झाल्यावर उपकेंद्राचा ऑपरेटर कामावर जाणाऱ्या विशिष्ट माणसाच्या नावाने, वेळ घालून, परमिट लिहून देतो. काम संपले की ज्याने परमिट घेतले त्यानेच, आपली सगळी माणसे आणि अवजारे खाली आली हे पाहून, ते परत करावयाचे. तोपर्यंत वरिष्ठाचा फोन आला, आमदाराचा आला, कोणाचाही आला, तरी फीडर चालू करावयाचा नाही.

कामाच्या जागी दोन्ही बाजूंना तार जमिनीशी का जोडतात, हा प्रश्न मी प्रत्येक नव्या उमेदवाराला विचारीत असे. उपकेंद्राकडून वीज बंद आहे, मग भीती कसली? उत्तर बाजारपेठेत आहे. वीज गेली की दुकानदार जनरेटर चालू करतो. त्याने बदलाचा स्विच नीट बसविलेला नसेल तर जनरेटरची वीज उलट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. जो ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीचे ४०० व्होल्ट करतो, तोच उलट दिशेने ४०० व्होल्टचे ११ केव्ही करतो. खांबावरचा मनुष्य ज्या तारेला मृत समजतो तिच्यात एका दुकानातून प्राण येतो. तार जमिनीशी जोडलेली असेल तर तो प्रवाह जमिनीत जाईल. नसेल तर माणसातून. पदविकेच्या परीक्षेत ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो हे वाक्य मी दोन गुणांसाठी लिहिले होते.

आता फसते कोठे ते सांगतो, आणि येथे मी कोणत्याही संस्थेचे नाव घेणार नाही. माझ्या उमेदवारीच्या वर्षातील पहिले चार महिने मी एका कार्यालयात बिलांची रजिस्टरे उतरवून काढण्यात घालविले. कारकुनांची कमतरता होती आणि माझे अक्षर चांगले होते. हा पहिला प्रकार : शिकाऊ विसरला गेला, उमेदवार तेवढा उरला. दुसरा प्रकार याच्या उलट दिशेचा आणि अधिक भयंकर. माझ्याबरोबरच्या एका मुलाला दुसऱ्या एका ठिकाणी तिसऱ्याच आठवड्यात खांबावर चढविले. लाइनमन रजेवर होता, वस्तीत अंधार होता, लोक ओरडत होते. परमिट तोंडी झाले होते. जमिनीशी जोडणी झालीच नव्हती. कोणाच्या तरी जनरेटरची वीज उलट आली. तो वाचला, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मग कळले की त्याचा करार नोंदविलेलाच नव्हता. भरपाईसाठी त्याच्या वडिलांनी दोन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या. तो ज्या विद्यालयातून आला होता तेथे कोणाला ही गोष्ट वर्षभर ठाऊक नव्हती, कारण ठाऊक असण्याचे कोणाचे कामच नव्हते.

हा दोष दुष्टपणाचा नाही, रचनेचा आहे. सार्वजनिक सेवेत पुरवठा थांबविता येत नाही. कापडाचा माग दोन तास बंद ठेवून शिकवता येते. फीडर दोन तास बंद ठेवून शिकवता येत नाही, कारण त्यावर रुग्णालय असते. म्हणून शिकविणाऱ्याला सवड नसते आणि हाताशी असलेल्या तरुणाला कामाला लावण्याचा मोह अनावर असतो. त्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मंडळांचे रूपही पालटले. जून २००५ मध्ये आपल्या भागाचे वितरण भोपाळ मुख्यालय असलेल्या मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे स्वतंत्रपणे आले. योगायोगाने त्याच महिन्यात महाराष्ट्रातही मंडळाचे विभाजन होऊन महावितरण निघाली. मंडळ असो वा कंपनी, तार तीच आहे. परंतु जुने लाइनमन निवृत्त झाले, पुष्कळ कामे ठेकेदाराच्या माणसांकडे गेली, आणि कोणते घर कोणत्या फेजवर हे डोक्यात बाळगणारी पिढी संपत आली. उमेदवाराला शिकविणारा मनुष्यच आज उमेदवाराइतका नवा असतो.

कोणी म्हणेल, एका शिकाऊ पोराच्या समजुतीला एवढे महत्त्व कशाला? ग्वाल्हेरकरांना याचे उत्तर आपल्याच तारेवरून देता येते. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना ते ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी बंद झाली आणि पाठोपाठ संपूर्ण उत्तर भारताची वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तेच घडले. या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेले आणि सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशाला झळ पोचली. ती वाहिनी तुटली नव्हती, तिच्यावर झाड पडले नव्हते. जोडीची दुसरी वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद होती, त्यामुळे एकीवर भार चढत गेला, आणि तिच्या रक्षणासाठी बसविलेल्या रिलेने त्या अवजड भाराला बिघाड समजून वाहिनी तोडली. यंत्राने आपले काम नेमके केले. भार आणि बिघाड यांतला भेद ओळखून, दोन वाहिन्यांपैकी एक बंद असताना दुसरीवर किती ओझे टाकावे हे वेळीच ठरविण्याचे काम माणसांचे होते. लॉगशीटवरचा आकडा वाढतो आहे हे पाहून वेळीच फोन उचलण्याची सवय नियंत्रण केंद्राच्या मोठ्या खुर्चीत बसल्यावर लागत नाही. ती ३३ केव्हीच्या उपकेंद्रात, स्टुलावर बसून लागते.

मग शाळेने काय करावे? पिलानीच्या बिर्ला इन्स्टिट्यूटने १९७३ पासून प्रॅक्टिस स्कूल नावाची पद्धत चालविली, तिच्यातील एक गोष्ट मला अनुकरणीय वाटते. विद्यार्थी कारखान्यात जातात तेव्हा संस्थेचा अध्यापकही तेथे असतो. विद्यार्थ्याचे काय चालले आहे हे पाहणे ही त्याची नेमलेली जबाबदारी असते. दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला, आणि तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात खेड्यातल्या माध्यमिक शाळेची मुले गावाच्या गरजेची कामे, वायरिंग, वेल्डिंग, शेती, शिकता शिकता प्रत्यक्ष करतात. कागदाची फुले तेथे होत नाहीत.

आपल्या शाळेपुरते बोलायचे तर मर्यादा स्पष्ट ठेवली पाहिजे. धोक्याच्या उद्योगातील उमेदवारीसाठी कायद्याने १८ वर्षे वय घातले आहे, आणि ते योग्यच आहे. शाळकरी मुलाने कुंपणाच्या आत कशालाही हात लावायचा नाही. त्याला पाहता येते, लिहिता येते, मोजलेले आकडे घरी आणून आलेख काढता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ घालवावेत असे सुचविले आहे. त्यांतील दोन दिवस उपकेंद्रासाठी आणि एक दिवस मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रासाठी ठेवता येईल. तिघऱ्याच्या धरणाचे पाणी आपल्या नळापर्यंत येते ते विजेच्या पंपांवर, ही साखळी मुलांना तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

खरे काम आहे ते शाळा सोडून आयटीआय, पदविका किंवा माधव इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी. त्यांच्यापैकी जो उमेदवारीला लागेल त्याचे नाव शाळेकडे असावे. माजी विद्यार्थी संघाने वीज, रेल्वे, पाणीपुरवठा यांत नोकरी केलेल्या निवृत्त सभासदांपैकी एकेक जण त्या मुलाला नेमून द्यावा. त्याने पहिल्या महिन्यात तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात : करार नोंदविला आहे का, मुलाला हातमोजे, हेल्मेट आणि पट्टा मिळाला आहे का, आणि परमिटची वही त्याने वाचली आहे का. पुढे दर महिन्याला त्याची रोजनिशी पाहावी. रोजनिशीत सलग दोन आठवडे ‘रजिस्टर लिहिले’ असेच असेल तर कार्यकारी अभियंत्याला नम्रपणे एक पत्र लिहावे. माझा अनुभव असा की अशा पत्राने अधिकारी रागावत नाहीत. कोणीतरी विचारणारे आहे हे कळल्यावर ते मुलाला साइटवर पाठवितात. आणि तिसऱ्याच आठवड्यात ‘खांबावर चढलो’ असे दिसले तर पत्र न लिहिता त्याच दिवशी प्रत्यक्ष जाऊन भेटावे.

एक व्यवहाराची सूचना करून थांबतो. शाळांना अशा भेटी उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवणे सोयीचे वाटते. कृपा करून मे-जून टाळा. त्या दिवसांत उपकेंद्रातील माणसांना घोटभर पाणी पिण्याची सवड नसते आणि मुलांना ते ओझे समजतात. नोव्हेंबरपासून रब्बीच्या सिंचनाचा भार लागतो. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी, देखभालीची कामे निघतात. फीडर ठरवून बंद ठेवतात, ट्रान्सफॉर्मरचे तेल तपासतात, श्वसनकोशातील निळ्या दाण्यांचा ओल शोषून गुलाबी झालेला रंग पाहून ते बदलतात. त्या वेळी परमिट कसे लिहितात, कसे परत करतात हे शांतपणे पाहायला मिळते. मुख्याध्यापकांनी अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावा, म्हणजे परवानगी हाती येईपर्यंत पाऊस उघडलेला असेल.